ओल्या सारवणावरची वाट

शेजारच्या वहिनी बोलताना कधी समोरच्याकडे बघत नसत. जे काही बोलायचं ते हातातल्या केरसुणीशी. आम्ही घर विकायला काढलं, तेव्हा आईने हाक मारायच्या आधीच त्या पदर खोचून आल्या. कौलांखालची जळमटं उतरवली, चुलीमागची काजळी खरवडली. "तुमच्या विहिरीचं पाणी गोड हो, आपलं म्हणत्ये," एवढंच मधे म्हणाल्या. त्यांच्याकडे विहीर नव्हती. त्यांची पाण्याची वाट आमच्या अंगणातून जायची, पण कागदावर ती कुठेच नव्हती. गिऱ्हाइकापुढे वाटेचा विषय काढायचा नाही, असं बाबांनी आम्हाला बजावलं होतं.

मुंबईचे एक गृहस्थ घर बघायला यायचे होते, त्या सकाळी वहिनींनी अंगण सारवलं. वाळेपर्यंत कुणालाही पाऊल टाकू देत नव्हत्या. गृहस्थ मागल्या दाराने येऊन ओटीवर चहाला बसले, तेवढ्यात वहिनी कळशी घेऊन आल्या आणि ओल्या सारवणावरून सरळ विहिरीकडे गेल्या. भरली कळशी घेऊन परतल्या, त्याही त्याच पावलांवरून.

"ह्या कोण?"

"शेजारच्या," बाबा घाईने म्हणाले.

"ती त्यांची वाट आहे," आई म्हणाली. "रोजची."

गृहस्थांनी कप खाली ठेवला. वहिनी थांबल्या नाहीत, पण जाताना त्यांनी मान वर करून आईकडे बघितलं.