डॉक्टरांनी ठोठावलेली एकाहत्तर दारं

येव्ग्राफ तिखोनोविच आमच्या चेर्नी ब्रोद गावी आले ते शिक्षा म्हणून, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः सांगून टाकलं. एका हातात दोरीनं बांधलेली पुस्तकं, दुसऱ्या हातात फाटकी बॅग. दवाखान्याच्या पायरीवर बूट आपटत मला म्हणाले, "तुम्ही नोन्ना सर्गेयेव्ना ना? मला इथं हाकलून दिलंय. चहा मिळेल का?"

एकोणऐंशी सालची गोष्ट. दहा खाटांचा दवाखाना, मी नर्स, एक स्वयंपाकीण आणि पलीकडे सुखोना नदी. मोठं इस्पितळ नदीच्या त्या तीरावर.

हाकललं का, ते हळूहळू कळलं. शहरात ते हृदयविकाराचे नावाजलेले डॉक्टर होते. लेथ यंत्रावरच्या एका कामगाराला त्यांनी तीनदा मरणाच्या दारातून परत आणलं. चौथ्यांदा तो आला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण असतं?" तो म्हणाला, "कुणी नाही. म्हणून तर इथं बरं वाटतं." तो त्याच आठवड्यात गेला. तेव्हापासून डॉक्टर प्रत्येक रोग्याच्या कागदावर नाडी, रक्तदाब यांच्याखाली हातानं एक ओळ वाढवू लागले: कशासाठी जगतो? वरिष्ठांनी बोलावून विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात की पाद्री?" हे म्हणाले, "पाद्र्याकडे जायला लोक घाबरतात, म्हणून मीच विचारतो." त्या सोव्हिएत काळात असं उत्तर पचणारं नव्हतं.

आमच्याकडे त्यांना जाब विचारणारं कुणी नव्हतं. ते पहाटे नदीच्या थंड पाण्यानं अंग पुसायचे, रोग्यांना दंवातून अनवाणी चालवायचे, जेवणाआधी सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसवायचे. म्हणायचे, "माणूस म्हणजे तीन मजली घर. खाली शरीर, मधे मन, वर आत्मा. खालच्या छताला ओल आली तर वर जाऊन बघायला नको?"

मी म्हणायचे, "मला सुई समजते, येव्ग्राफ तिखोनोविच. आत्मा कुठं टोचायचा ते समजत नाही."

"सुई तरी तुम्ही कुणाला टोचता? उशीला?"

असं आमचं चालायचं. पण रोगी बरे व्हायचे हे मी कशाला नाकारू? झोपेच्या गोळ्यांची रांग कमी झाली. दारू सुटलेले दोघं तर दवाखान्याच्या बागेत कोबी लावत होते.

नव्वदच्या आसपास देशात सगळंच मोकळं झालं. कशावरही बोलायला मुभा मिळाली आणि डॉक्टर गावच्या सभागृहात दर बुधवारी व्याख्यान देऊ लागले. पाच-सहा गावांतून लोक यायचे. खुर्च्या पुरेनात, म्हणून बायका घरून स्टूल आणायच्या. दुकानं रिकामी, पगार थकलेले, उद्याचा भरवसा नाही. अशा दिवसांत कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं की तुमच्या आत अजून ताकद शिल्लक आहे. लोक टाळ्या वाजवायचे. खरं सांगते, डॉक्टरांना त्या टाळ्या जरा आवडू लागल्या होत्या. घरी येताना त्यांची चाल बदललेली असायची.

ब्याण्णवच्या एप्रिलमधे, ईस्टरच्या आधीच्या उपासांत, ते व्याख्यानात म्हणाले, "औषध म्हणजे कुबडी. कुबडी टाकून चालायची हिंमत करा!" त्यांच्या मनात होत्या झोपेच्या गोळ्या. पण वाक्य त्यांच्या तोंडून सुटलं आणि ज्याच्या त्याच्या कानात वेगवेगळं जाऊन बसलं.

ईस्टरला पाच दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी, तैसिया धावत आली. गिरणीवर काम करणारी, आवाजानं छप्पर उडवणारी बाई. त्या दिवशी मात्र आवाज फुटत नव्हता. "आन्फिसा उठत नाही," एवढंच म्हणाली.

आन्फिसा मार्केलोव्ना तिची धाकटी बहीण. शाळेत गाणं शिकवायची. पंधरा वर्षांपासून मधुमेह आणि रोजचं इन्सुलिन. आम्ही घरात शिरलो तर खोलीत सडक्या सफरचंदासारखा वास. आन्फिसा खोल खोल श्वास घेत होती, जणू डोंगर चढतेय. डॉक्टर दारातच थबकले. इन्सुलिन बंद पडलं की असा वास येतो, हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं.

"सुई कधी घेतली होती हिनं?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी," तैसिया म्हणाली. "म्हणाली, उपास आहे, पोट रिकामं, मग सुई कशाला? आणि डॉक्टरच म्हणालेत, कुबडी टाका."

त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्यांनी लगेच पलंगावरची गोधडी ओढली. आम्ही तिला गोधडीत उचलून दवाखान्यात आणलं. नदीवरचा बर्फ आदल्या दिवशीच फुटला होता. घराएवढे तुकडे एकमेकांवर आदळत वाहत होते. ना बोट जाणार, ना गाडी. हेलिकॉप्टरसाठी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, इंधन नाही.

सलाइन होतं. इन्सुलिनची एकच कुपी होती, तीही अर्धी. मी पोस्टमास्तर गुरी लुकिच यांच्याकडे पळाले. त्यांनाही हाच आजार. त्यांनी खिडकीतल्या बरणीमागून दोन कुप्या काढल्या आणि माझ्यासोबतच दवाखान्यात आले. "घ्या दोन्ही. बर्फ गेला की मला नवीन येतीलच. तोवर कमी खाईन."

डॉक्टर वळून म्हणाले, "कमी खाऊन भागत नाही, गुरी लुकिच. हे गावाला सांगायचं माझ्याकडून राहिलं, म्हणून तर ही इथं पडलीय. एक इथं ठेवा, एक परत न्या."

मग त्या मोठ्या आध्यात्मिक माणसानं बाह्या सरसावल्या आणि ते निव्वळ डॉक्टर झाले. दर तासाला मोजून सुई. दर तासाला लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवायची. विटेसारखा लाल रंग आला की साखर भरपूर. दिवसभर नळीत वीटच दिसत होती. नाडी, श्वास, सलाइन, पुन्हा नाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी नळीतला रंग हिरवट झाला आणि आन्फिसानं डोळे उघडले. "शाळेला उशीर झाला का?" तिनं विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

तैसियाला आता आवाज फुटला होता. बाहेरच्या खोलीत तिनं डॉक्टरांना गाठलं. "तुमच्या अध्यात्मानं माझी बहीण गिळली असती!"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"हो काय हो! भांडा तरी माझ्याशी!"

"कशावरून भांडू? तुमचं खरं आहे."

ती पाय आपटत निघून गेली. डॉक्टर बाकावर बसले. मला वाटलं, आता हे खचणार. पण ते म्हणाले, "नोन्ना सर्गेयेव्ना, सभागृहात त्या दिवशी किती घरांतली माणसं होती?"

"आमच्या गावातली? जवळजवळ सगळीच."

"म्हणजे किती?"

"एकाहत्तर घरं."

"मग एकाहत्तर दारं. आणखी कुणीकुणी काय काय टाकलंय, ते बघायला हवं."

मी म्हटलं, "आज बुधवारच आहे, सभेतच सांगा ना, पुन्हा औषधं सुरू करा म्हणून."

"सभेत सांगितल्यामुळेच तर हे झालं," ते म्हणाले. दुसऱ्या गावांच्या परिचारकांना मात्र त्यांनी त्याच दिवशी फोन करून सावध केलं.

अकरा दिवस लागले. बर्फ वितळून रस्त्यात गुडघाभर चिखल झालेला. डॉक्टरांच्या एका बुटाचा तळ तर तिसऱ्याच दिवशी चिखलात राहिला. मधेच ईस्टर आला. दार उघडलं की लोक आनंदानं म्हणायचे, "ख्रिस्त उठला!" डॉक्टर तीनदा गालाला गाल लावून म्हणायचे, "खरोखर उठला! आणि तुम्ही कोणती गोळी बंद केलीत?" लोक हसायचे, रंगवलेली अंडी हातात कोंबायचे, गोड पाव कापायचे. मग जाऊन औषधांचं कपाट उघडायचे.

औषध सोडलेले सात जण निघाले. सुतार सावेली काकांनी रक्तदाबाची गोळी सोडून बिटाचा रस धरला होता. "तुमच्याच आत्म्यासाठी केलं हो," ते अभिमानानं म्हणाले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. काका चष्मा लावून म्हणाले, "हा माझा? की यंत्र प्यायलंय?"

"काका, मी चुकीचं बोललो. खालचा मजला पाडला तर वरचा हवेत राहत नाही. रस प्या, गोळीही घ्या."

प्रत्येक घरी त्यांनी हेच म्हटलं: मी चुकीचं बोललो. एकाहत्तर वेळा. मी शेजारी उभी राहून मोजत होते. सुरुवातीला मलाच लाज वाटायची. विसाव्या-पंचविसाव्या घरानंतर वाटेनाशी झाली. लोकही त्यांना कमी लेखत नव्हते, उलट खुर्ची पुढे ओढत होते.

गावाच्या टोकाला वनरक्षकाची विधवा राहायची. ती कधी व्याख्यानाला आलीच नव्हती. तिला काही झालेलंही नव्हतं. पण डॉक्टरांनी प्रश्न विचारला तशी ती म्हणाली, "औषध मी घेतच नाही. पण बसा. सप्टेंबरपासून या घरात कुणी बसलेलं नाही." आम्ही बसलो. तिनं नवऱ्याच्या, अस्वलाच्या, पावसाच्या गोष्टी सांगितल्या. बाहेर पडल्यावर डॉक्टर कुंपण धरून उभे राहिले. म्हणाले, "दोन वर्षं मी तिथं व्यासपीठावरून आत्मा शिकवत होतो. आणि आत्मा इथं शेवटच्या घरात एकटा बसला होता."

व्याख्यानं बंद झाली. बुधवारी लोक सभागृहात जमायचे ते आता जोडीजोडीनं निघू लागले, कुणी कुणाच्या घरी, कुणी कुणाच्या. डॉक्टर कुणाकडे जायचं एवढं सांगायचे. आन्फिसा बरी झाल्यावर सुयांची डबी घेऊन पाच गावांतल्या मधुमेहींकडे जाऊ लागली. सुया उकळून दाखवायची आणि उपास कुणी करायचा, कुणी नाही, ते स्वतःचंच उदाहरण देऊन सांगायची. "मी मरून परत आलेय," ती म्हणायची, "तिथं काही खास नाही. सुई घे." त्यानंतर आमच्या भागात कुणी सुई सोडली नाही.

पुढच्या वर्षी शहरातून चकचकीत जाकिटातला एक गृहस्थ आला. त्याला डॉक्टरांना मोठ्या प्रेक्षागृहात न्यायचं होतं. "लोक हल्ली टीव्हीवरच्या बाबानं मंतरावं म्हणून टीव्हीपुढे पाणी ठेवून पितात, तुम्ही तर खरे डॉक्टर! हजार माणसं एका वेळी!"

"हजार घरी चिखलातून जायला मला जमणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"घरी कशाला जायचं?"

"म्हणजे तुम्ही अजून चुकला नाहीत कधी," असं म्हणून त्यांनी त्याला कोबीचं सूप वाढलं. तो जेवून गेला.

तैसिया मात्र दवाखान्याकडे फिरकली नाही. रस्त्यात डॉक्टर दिसले की कुंपणापलीकडून जायची. तीन वर्षं. मग एका ऑगस्टच्या सकाळी ती येऊन डॉक्टरांसमोर धपकन बसली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणून आलेय."

"माफीचं नंतर बघू. आधी दंड पुढं करा."

"दंड तर तुम्हाला व्हायला हवा!"

डॉक्टर हसायला लागले आणि तिलाही हसू आवरेना. मी पट्टा गुंडाळला. रक्तदाब भलताच चढलेला. मी गोळी आणि पाण्याचा पेला आणला. गोळी घेऊन ती उठेल असं मला वाटलं. पण ती डोक्याचा रुमाल सोडून बसली आणि आईबद्दल बोलू लागली, जी याच रक्तदाबानं गेली होती आणि जिच्याबद्दल दोघी बहिणी घरात कधी बोलत नव्हत्या.

बाहेरच्या बाकावर तिघं जण थांबले होते. मी दार अलगद लोटून घेतलं आणि त्यांच्यासाठी चहाचा सामोवार पेटवला.