पिवळ्या पट्टीचं कपाट

आमच्या शाळेच्या वाचनालयात पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं येतात. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात कपाटांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पाचवी-सहावीला पिवळी, सातवी-आठवीला हिरवी, वरच्यांना लाल. आपल्या पट्टीबाहेरचं पुस्तक मिळायचं नाही. त्या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

एका तासाला नववीतली एक मुलगी पिवळ्या कपाटापाशी उभी दिसली. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारी. हातात ठळक अक्षरांचं, पानोपानी चित्रं असलेलं पातळ पुस्तक.

"हे कुणाला?"

"घरी न्यायचं हाय, बाई."

"घोडी झालीस की! परत पाचवीत बसतेस का?"

आणि मी हसले. मी हसले म्हणून वर्ग हसला. तिनं पुस्तक होतं तिथं नीट लावून ठेवलं आणि बाकावर जाऊन बसली. पुढं दहावी संपेपर्यंत ती मी देईन ते पुस्तक घ्यायची आणि न उघडता परत करायची. मला ते कळत होतं. मी विचारलं नाही.

निकालानंतर दाखला न्यायला तिची आई आली. लेखनिक रजेवर होते, म्हणून कार्यालयात मीच बसले होते. मुलगी अकरावीसाठी निपाणीला मामाकडं गेली होती. मी रजिस्टर पुढं सरकवलं. तिनं अंगठा पुढं केला.

"सही येत नाही?"

"निम्मी येती. पोरगीच शिकवत हुती की मला. बाराखडीपतोर गेलतो आमी. मग म्हनली, शाळंत बारकी पुस्तकं मोठ्या पोरींस्नी देत न्हाईत. ऱ्हायलं मग तितंच." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं. "आता मोबाइलवर लिवून पाठवती. शेजारनीकडनं वाचून घ्यायचं."

मी धावत वर वाचनालयात गेले, ते चित्रांचं पुस्तक घेऊन आले. तिनं पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"हुपरीच्या पैंजणांना घुंगरं जोडून जोडून डोळं गेलं, बाई. असू दे."

नकार देणारी मीच, हे सांगायला तोंड उघडलं नाही. ती दाखला पिशवीत घालून निघून गेली.

अजून सकाळी वाचनालयाचं कुलूप काढताना वाटतं, आत आधीच कुणीतरी उभं आहे, माझ्याकडं पाठ करून. दिवा लावेपर्यंत मी उंबऱ्यातच थांबते. नववीच्या तासाला एखादी मुलगी त्या कपाटाकडं वळली की मी रजिस्टरात डोकं घालते.

तिची आई दाखला घेऊन गेली, त्याच आठवड्यात मी सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. आता पाचवीतली पोरं जाडजूड पुस्तकं छातीशी धरून नेतात, दहावीतली चित्रं बघत बसतात. मी कुणाला काही विचारत नाही.

मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "पट्ट्या का काढल्या?"

"रंग उडाला होता, सर," मी म्हणाले.