बायनाबाईनं बांधलेला पटका

चकलांब्याच्या अलीकडं एक गाव. तिथल्या पाटलाची सनद निजाम सरकारची, पण डोक्यावरचा पटका पाटलाच्या घरातल्या थोरल्या बाईनं बांधायचा. त्याआधी होणाऱ्या पाटलानं चावडीपुढं बोडक्यानं मातीत बसायचं आणि गावानं, अगदी वेशीबाहेरच्यानंसुद्धा, त्याला तोंडावर शिव्या द्यायच्या. तो उलटून बोलला की संपलं. कातडं जाड हाय का, ते बघायचं.

नवरा मेल्यावर भाऊबंदांनी बायनाबाईला चुलीकडं रेटून बघितलं. पण सासूनं दिलेली पटक्याची पेटी तिनं सोडली नाही. लेकाला, बंकटला, तिनंच पटका बांधला. शिव्या खाताना बंकट हसत होता. आई हरखली, आणि तिथंच फसली. गडी सोसत नव्हता, एकेकाचं तोंड ध्यानात ठेवत होता!

अंमलदाराचा दौरा आला की वेठीला, फुकट राबायला, बंकट नेमकी तीच माणसं धरायचा. बायनाबाईनं त्याला जेवताना समजावलं, मग पाणवठ्यावर बायांदेखत खडसावलं. "तू भाकरी थाप," म्हणाला. वेशीबाहेरच्या सिदूनं शिव्यांच्या दिवशी 'आयतखाऊ' म्हटलं होतं. त्याला बंकटनं कोतवालाकडून चावडीच्या खांबाला बांधून घेऊन झोडपलं.

बायनाबाई रिकामी पेटी काखेत मारून चावडीवर आली.

"कावून आलीस? बाईचं काम न्हाई हितं."

"माजी वस्तू न्यायला आले."

"सनद माज्या नावाची हाय, म्हातारे!"

"ठेव की. उशाला घेऊन झोप. पटका काढ."

"तहसीलदाराला सांगून घराभाईर काडीन तुला!"

"आईचं दोन शबुद सोसंनात, अन् गावाचं काय सोसशील बे?"

बंकटनं वेताची छडी उगारली. आईवर! गाव बघत होतं. म्हातारीनं पापणी लववली नाही. हात घालून पटक्याचं टोक ओढलं, अन् भर चावडीत पाटील बोडका झाला.

"सोड रे त्याला," ती कोतवालाला म्हणाली. त्यानंच सिदूला बांधलं होतं. बंकटकडं न बघता त्यानं दोर सोडला.

पुढच्या दौऱ्याला बंकट सनद नाचवत गावभर ओरडत फिरला. एकानंही बैल जुंपला नाही. अंमलदारानं बंकटलाच चारचौघांत आईबहिणीवरून झाडलं. भाऊबंद लगेच बायनाबाईच्या दारी हजर, पुतण्या आश्रुबाला पुढं घालून. गोड हसत तो पाया पडायला वाकला.

"पाया नगं पडू," ती म्हणाली. "जा, मातीत बस. अन् हसू नगंस."