तिसरा दिवस झालाच नाही

प्रशिक्षण विभागाच्या साहेबांनी मला फसवलं, आणि माझ्यामार्फत बावीस खलाशांना. खलाशी म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधणारे लोक. मीही तेच होतो. खुर्सीपारच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीतून निघून बारा वर्षं स्लिंगा, म्हणजे माल उचलायचे तारेचे दोर, बांधल्या, मग इतरांना शिकवायला लागलो. माझ्यामागे कोणी काका-मामा नव्हता.

धडा कसा आखायचा हे मी एका वर्गात शिकलो. त्या पद्धतीच्या पाच पायऱ्यांची नावं इंग्रजीत होती. मी वहीत माझ्या भाषेत लिहून घेतली: आधी काम बघ, मग काय यायला पाहिजे ते ठरव, मग धडा बनव, मग शिकव, शेवटी तपास. वर्गातल्या अर्ध्या लोकांना ही कागद भरायची कसरत वाटली. मला ती पटली, कारण पहिली पायरी वर्गात नव्हतीच, शेडमध्ये होती.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खलाशांना शिकवायचं काम मिळालं तेव्हा मी आधी तीन दिवस क्रेनखाली उभा राहिलो. क्रेनचालकाला करायचे हाताचे इशारे सगळ्यांना पाठ होते. चूक दुसरीकडे होती. माल उचलताना स्लिंग सरकते, म्हणून खलाशी ती हाताने धरून ठेवतो आणि ताण बसेपर्यंत सोडत नाही. धोका माहीत नाही म्हणून नव्हे, स्लिंग सरकली तर सगळं पुन्हा बांधावं लागतं म्हणून. अशा माणसाला भाषण देऊन काय उपयोग? त्याच्या हाताला सवय लावावी लागते. मी आराखड्यात लिहिलं: ताण बसण्याआधी दोन्ही हात बाहेर, स्लिंग लोखंडी आकड्याने सरळ करायची, दहापैकी दहा वेळा. दोन दिवस वर्ग, तिसरा दिवस खऱ्या क्रेनखाली सराव आणि तपासणी.

पण त्या कारखान्याच्या प्रशिक्षण साहेबांकडे गेलो तेव्हा मी पाच दिवस मागितले. सौदा असाच करतात. पाच मागायचे, तीन पदरात पाडायचे.

साहेब मूळचे आमच्याच विदर्भाकडचे, पण इथल्या सेक्टर दहामध्ये, अधिकाऱ्यांच्या वसाहतीत वाढलेले. घरच्या बोलीत बोलायचे. "पाच दिवस? येवढ्यात त लग्न उरकून पाहुणेबी घरी जाते."

"लग्नात कोनाचा हात कटत नाही साहेब."

"तुयं लग्न झालं नाही वाटते!" ते हसले. "दोन घे."

मी उठून दारापर्यंत गेलो. त्यांनी परत बोलावलं. तीनवर ठरलं. सौदा जिंकलो म्हणून मी खाली येऊन चहा प्यायलो.

आमच्याकडे हजेरीच्या सह्या पहिल्याच दिवशी सगळ्या दिवसांच्या घेतात. खलाशांचे गेटपास संपत आलेले असतात, प्रमाणपत्राशिवाय नवा मिळत नाही. बावीस जणांनी तिन्ही रकान्यांत सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रमाणपत्रं माझ्यापुढे ठेवली. "क्रेन उद्या रिकामी नाही. सोमवारी घेऊ तुयी प्रॅक्टिकल. पोरायचे पास अडकून राहिले, सही करून टाक."

मी सही केली.

तो सोमवार आला नाही, पुढचाही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या टेबलावर हात आपटून विचारलं, "माया दिवस कावून खाल्ला?"

ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुया पाचाचे तीन झाले तेव्हा काही बिघडलं का? मंग तिनाचे दोन झाले त कावून भडकून राहिला? तू त वाढवूनच सांगते."

पाचातले दोन दिवस खोटे होते हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. तिसरा खरा होता, आणि तो खरा आहे हे त्यांना कळावं असं मी काहीच सांगितलं नव्हतं. वहीतली निरीक्षणं मी वहीतच ठेवली. भाव करताना कोणी आपली वही दाखवत नाही.

महिन्याभरात त्या बावीसांपैकी, उतई गावाहून सायकलने येणाऱ्या एका खलाशाची तीन बोटं स्लिंग आणि लोखंडी प्लेटच्या मध्ये गेली. हात आत होता, ताण बसला. चौकशीत फाईल उघडली, त्यात त्याचं प्रमाणपत्र होतं. तिसरा दिवस: सराव व तपासणी, पूर्ण. खाली माझी सही. निष्कर्ष एका ओळीचा: कामगार प्रशिक्षित होता, चूक त्याची स्वतःची.

मी त्याच्या घरी गेलो. तो पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "हाथ घलो मोर गिस, अउ गलती घलो मोर?" हातही माझाच गेला आणि चूकही माझीच, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याची बायको आत होती. तिने पाणी दिलं.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्याला लिहून दिलं: तिसरा दिवस झाला नाही, माझी सही खोटी आहे. माझं काम गेलं. ते जाणारच होतं, त्याचा राग नाही. पण फाईलमधली ओळ अजून तशीच आहे, कारण खलाशांच्याही सह्या तिसऱ्या रकान्यात आहेत; माझ्या कागदाला दुजोरा देऊ शकेल असा एकच माणूस उरतो आणि तो गप्प आहे.

साहेब, माझ्या वाट्याचं मी लिहून दिलं. आता तुम्ही सांगा. त्या तिसऱ्या दिवशी कोणती क्रेन होती, कोणी चालवली, बावीस जणांची तपासणी कोणी घेतली? नसेल सांगता येत, तर चूक त्या माणसाची नव्हती हे स्वतःच्या सहीने लिहा. केव्हा लिहिता?