प्रायमरचा म्हसोबा

देवाने माझं ऐकावं असं मी त्याच्यासाठी कधी काही केलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. घरात देव्हारा आहे, पण तो सगळा कारभार माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे. माझ्याकडे फक्त आरतीला टाळ्या वाजवायचं काम. त्यामुळे त्या उन्हाळ्यात अडचण आली तेव्हा कोणत्या तोंडाने देवाकडे जावं हे मला कळेना, आणि मी आपला भेटेल त्याच्याशी भांडत सुटलो.

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या कडेला आम्ही प्लॉट घेतला होता. भाड्याचं घर सोडायचं आणि बांधकाम होईपर्यंत जागेवरच पत्र्याची शेड टाकून राहायचं, ही कल्पना माझी. काम डोळ्यांदेखत होईल, सिमेंटला पाय फुटणार नाहीत, असं मी सुनंदाला पटवून दिलं होतं. राहायला गेल्यावर कळलं की पापड वाळवायला आता बाहेर उन्हात जायची गरज नाही, ते शेडमध्येच वाळतील. सुनंदा डोक्यावर ओला पंचा घेऊन स्वयंपाक करायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिने एकदाच सांगून ठेवलं होतं, "अहो, पावसाच्या आत जोतं वर आलं नाही तर मी पिंपळगावला दादाकडे जाणार. मग या पत्र्यात पाय ठेवायची नाही." ती उगाच बोलणाऱ्यांतली नाही. पायाचे खड्डे खणून तयार होते, पण माती काळी. एक जोराचा पाऊस झाला असता तर खड्डे ढासळले असते, आणि त्यांच्याबरोबर माझा संसारही.

नकाशावर आमच्या प्लॉटला ऐसपैस रस्ता होता. प्रत्यक्षात त्या जागी नाला आणि बाभळी होत्या. म्हणून ट्रक, टँकर सगळं शेजारच्या संपतभाऊंच्या बागेच्या बांधावरून यायचं. त्या भल्या माणसाने कधी हरकत घेतली नव्हती. पण खड्डे खणणाऱ्या जेसीबीने वळताना त्यांची ठिबकची नळी तोडली आणि ते विचारायला आले. "चुकलं, जोडून देतो," एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण पत्र्याखाली डोकं तापलेलं. मी म्हणालो, "वाट तुमच्या मालकीची आहे का? आधी सातबारा दाखवा." शेतकऱ्याला त्याच्याच बांधावर उभं राहून सातबारा मागू नये, एवढी अक्कल कचेरीत इतकी वर्षं कारकुनी करूनही मला आली नव्हती. संपतभाऊ तुटकी नळी उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या.

काम ठप्प झालं. गवंडी दुसरीकडे निघून गेला. पिण्याचं पाणी सुनंदा नाल्यापलीकडून कॅन भरून आणायची, कारण ती वेळ नेमकी माझ्या कचेरीची असायची. अशाच एका रविवारी, करायला काही नाही आणि राग मात्र भरपूर, अशा अवस्थेत मी ग्रिलला मारायचा प्रायमर उघडला. तांबडा-केशरी रंग होता. बांध आणि प्लॉट जिथे मिळतात तिथे मोजणीवाल्यांनी रोवलेला हद्दीचा दगड होता. त्याला मी वरपासून खालपर्यंत रंगवून काढलं. म्हटलं, बघू दे संपतला, इथून पुढे माझी हद्द. त्याच्या ट्रॅक्टरच्या दिव्यात अंधारातही दिसावा म्हणून वर चुन्याचे दोन ठसठशीत ठिपके दिले. मागे सरकून बघितलं. दगड माझ्याकडे बघत होता.

मंगळवारी सकाळी बाहेर आलो तर दगडाला हळदकुंकू, पुढे लिंबू, नारळ आणि उदबत्ती. शेजारी संपतभाऊंची आई, भागाआजी, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. वाटेपलीकडे संपतभाऊ उभे, आणि आजी त्यांना फैलावर घेत होती.

"म्हसोबा परगट झाला नं तू देवाच्या वाटंत काट्या घालून ऱ्हायला व्हय रे?"

"आई, तो हद्दीचा दगड हाय."

"डोळे दिसत नाय का त्याचे तुला?"

डोळे दिसत होते. त्याला कोण काय करणार? संपतभाऊ वाकून एकेक काटी ओढून बाजूला टाकू लागले. मी शेडच्या दारात उभा. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. सुनंदाने मागून मला बारीक चिमटा काढला, म्हणजे गप्प राहा. लग्न झाल्यापासून तिची आज्ञा मी इतक्या मनापासून कधी पाळली नव्हती.

त्यानंतर आमच्याकडे देवस्थानच झालं. गवंडी परत आला. वाळूवाला नारळ फोडल्याशिवाय ट्रक रिकामा करीना. मळ्यातल्या बायका कामावर जाताना दर्शन घेऊन सुनंदाला हळदकुंकू लावू लागल्या. तीही हसून बोलू लागली, त्यांच्याशी. आम्ही रोज खोबऱ्याची चटणी खात होतो. सगळे हात जोडतात म्हणून मीही जोडायचो, आणि जोडताना प्रायमरचा वास यायचा. भीती वाटायची. देव खोटा म्हणून नव्हे. खरा असला आणि त्याला माझा तो रविवारचा राग कळला तर, म्हणून.

जोत्याचं काँक्रीट ओतायच्या दिवशी रामशेज किल्ल्याच्या बाजूने आभाळ भरून आलं. वारा सुटला, शेडचे पत्रे थडथडू लागले. गवंडी म्हणाला, "भाऊसाहेब, आता थांबायचं का ओतायचं, तुम्ही सांगा." मी दगडापाशी गेलो आणि पहिल्यांदाच कोणी बघत नसताना हात जोडले. मागणंसुद्धा धड जमलं नाही. "मला कळत नाही, आता तूच बघ," एवढंच म्हणालो आणि रडू आलं. मग परत येऊन म्हटलं, ओता. पाऊस त्या दिवशी दिंडोरीकडे पडला. आमच्याकडे थेंब नाही. का, ते मला विचारू नका.

जोतं वर आलं तेव्हा मात्र राहवेना. भागाआजी नैवेद्य घेऊन आली, तिच्यापुढे बसून मी सगळं सांगून टाकलं. रंग, चुना, राग, सगळं. आजी शांतपणे म्हणाली, "म्या पाह्यलं व्हतं की. बनेनवर बसून रंगवत व्हता तू."

नैवेद्याचं ताट दगडापुढे सरकवून ती पुढे म्हणाली,

"तुही बायको नाल्यातून पाणी वाहायची. मला बघवंना. संपतला लय सांगितलं, त्यो आईचं ऐकंना. मंग म्हणलं, ज्याचं ऐकतो त्यालाच मधी घालू."

"म्हणजे आजी, हा देव नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

आजी एकदम तापली. "नाय कसा? काट्या कोणी काढल्या मंग?"

शरण जायचं म्हणजे आधी मन निर्मळ हवं, श्रद्धा पक्की हवी, असं मी समजत होतो, आणि दोन्ही नाही म्हणून लांब राहत होतो. माझ्याकडे होता फक्त राग आणि अर्धा डबा प्रायमर. देवाने तेवढ्यावर भागवून घेतलं. संध्याकाळी मी संपतभाऊंच्या ओट्यावर गेलो आणि न थांबता म्हणालो, "नळीचं माझं चुकलं. सातबाऱ्याचं त्याहून जास्त." ते म्हणाले, "बसा, चहा घ्या." परत आलो तर सुनंदा कपाट उघडून बसली होती. पिंपळगावला न्यायला भरून ठेवलेल्या पिशवीतल्या साड्या ती एकेक करून परत आत लावत होती.