मागच्या गेटची सवारी

पहिला तडाखा गिरीधररावांना पाठीमागून बसला, स्टेशनाच्या मागच्या गेटला डिकीत बॅग ठेवताना. दुसरा समोरून आला आणि तोंडात रक्ताची खारट चव पसरली.

"पुढं रांग लावून आम्ही माशा मारतोय का, राव?" एळुमलै तमिळमध्ये गरजला. त्याच्यामागं स्टँडवरचे बाकीचे टॅक्सीवाले धावत येत होते.

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनाच्या पुढच्या दारी टॅक्सीवाल्यांचा एक कायदा होता. गाड्या उभ्या करायला जागा नाही, म्हणून प्रत्येकानं आपली एक जुनी चप्पल भिंतीकडेला ओळीनं ठेवायची. ज्याची चप्पल पुढं, त्याची सवारी. फोनवर आधी ठरलेली असली तरीही. रोजची डोकेफोड मिटवायला हा कायदा घातला होता गिरीधररावांनीच. तंजावरकडचं मराठी घराणं. जीभ गोड, हात मात्र चटकन उठणारा.

आज मोडला तोही त्यांनीच. त्यांची मुलगी हरिणी फोनवरच्या एआयला, महाराष्ट्रातून येऊन त्यांच्या गाडीतनं शहर फिरणाऱ्या पाहुण्यांची सगळी कुंडली सांगायची: कोणाला जिना झेपत नाही, कोण कांदा खात नाही, कोणाला गर्दीत घाबरं होतं. ते मग बेत आखून द्यायचं. साताऱ्याहून मुलाबरोबर आलेल्या, जिना न झेपणाऱ्या जयवंतीबाईंसाठी त्यानं सुचवलं, मागच्या गेटला लिफ्ट आहे, गाडी तिथंच बोलवा. त्याला चपलांची रांग कुठून ठाऊक? गिरीधररावांना होती. पण दिवसभर मराठी बोलायला मिळणारी माणसं दुसऱ्याच्या गाडीत बसवायची? जिवावर आलं.

"एळुमलै, म्हातारं माणूस आहे गाडीत. मागनं बोलू."

"आता बोलू!" एळुमलैनं हातातली चप्पल उगारली. गिरीधररावांचीच होती, ओळीतून उचलून आणलेली. ती त्यांच्याच गालावर फाटकन बसली. जयवंतीबाईंदेखत.

मग गिरीधररावांना काही दिसेना. डिकीतला जॅकचा दांडा हाती आला आणि त्यांनी तो एळुमलैच्या नडगीवर घातला. हाड वाजलं. एळुमलै कोसळला, तरी दांडा पुन्हा वर गेला.

"अहो, पडलाय तो! पडलेल्याला मारता?" जयवंतीबाई किंचाळल्या. "दार उघडा, मला नाही बसायचं तुमच्या गाडीत!"

त्या उतरल्या. लंगडत, मुलाचा हात धरून, मागं न बघता गेल्या. त्याच क्षणी कोणीतरी दगड घातला आणि पुढची काच खळ्ळकन गाडीत सांडली.

"बस झालं!" स्टँडवरचा सगळ्यात म्हातारा टॅक्सीवाला मुनुसामी ओरडला. सगळे थबकले. "ह्याला हॉस्पिटलात घाल, राव. तुझीच गाडी जवळ आहे. आणि परत स्टँडवर येऊ नको."

चौघांनी एळुमलैला मागच्या सीटवर टाकलं. काचेच्या तुकड्यांवर बसून गिरीधररावांनी गाडी काढली. उघड्या पुढनं धूळ डोळ्यांत जात होती.

फोन वाजला. "अप्पा, पाहुणे मिळाले की? दुपारच्या जेवणाचं सांगिटलं का त्यांना?"

"पाहुणे गेले, हरिणी. ठेव."

मागून चांगल्या पायाची लाथ सीटवर बसली. "उद्या स्टँडवर दिसलास तर जीव घेईन तुझा."

"आधी चालून दाखव," गिरीधरराव म्हणाले, आणि सिग्नल तोडून गाडी हॉस्पिटलच्या फाटकात घातली.