अकोल्याचा उतरलेला सूर

माझे वडील अकोल्याला वकिली करत. जठारपेठेतल्या आमच्या घराच्या बैठकीत पक्षकारांसाठी एक लांब बाक होता आणि त्याच्या समोर, खिडकीखाली, वडिलांचा फोनो. फोनो त्यांनी एका क्लबातून जुना घेतला होता. तबकड्या मात्र नव्या, मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने मागवलेल्या. नागपूरला एका इंग्रज न्यायाधीशाच्या बंगल्यावर त्यांनी फिडलची एक मोठी विलायती रचना ऐकली होती. ती डोक्यातून जाईना, म्हणून पुढच्या महिन्यात पाच तबकड्यांचा तो जाडजूड संच घरी आला.

एकटं फिडल, आणि त्याच्या साथीला साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, अशी ती रचना. सुरुवातीला नगाऱ्यावर हळू ठोके पडतात, मग ताफा वाजत राहतो, आणि पहिली बाजू संपत आली तरी फिडल काही बोलत नाही. वडिलांना हे फार आवडे. "मोठा वकील असाच असतो," ते म्हणत. "सारं कोर्ट वाट पाहतं, आणि हा सावकाश पायऱ्या चढून येतो."

तबकडी उलटवायचं काम माझ्याकडे होतं. दर चार मिनिटांनी उठायचं, उलटवायची, चावी द्यायची, सुई अलगद टेकवायची. लग्न होईपर्यंत सहा वर्षं हे केलं. आमच्या फिडलवाल्याची संथ, जरा जड, विचार करत बोलणाऱ्या माणसासारखी चाल माझ्या कानात मुरली. ती रचना दुसरं कुणी वेगळी वाजवू शकेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

लग्नानंतर मी अमरावतीला आले आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वलगावला संत्र्याचा बगीचा करत. कॅम्पातला कोणी साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी फोनो आणि तबकड्यांचं एक खोकं घेतलं होतं. एकदा मुलीला न्यायला आले, तेव्हा दारातच घुटमळले.

"बाई, त्या खोक्यात एक मोठं फिडल हाय," ते म्हणाले. "पाच तबकड्या. वरचं इंग्रजी मले वाचता येत नाही. काय हाय ते सांगान का? रोज ऐकतो मी."

रविवारी त्यांच्या बैलांच्या दमणीत बसून मी वलगावला गेले. त्यांनी तबकडी लावली आणि नगाऱ्याचे ठोके ऐकून मी जवळजवळ ओरडलेच. तीच रचना! वादक वेगळा, ताफा वेगळा, पण रचना तीच. माहेरचं माणूस परगावच्या बाजारात अवचित भेटावं, तसा आनंद झाला.

तो फार टिकला नाही. पाच मिनिटांतच मला काहीतरी खटकू लागलं. सूर चढा वाटत होता, चाल पळती. आमचा माणूस जिथे थांबून श्वास घेई, तिथे हा पुढे निघून जात होता. मी शाळेत शिकवणारी, लगेच निकाल देऊन मोकळी झाले. "आमच्या अकोल्याचा वादक फार वरचा आहे. तुमचा हा घाई करतो."

त्यांनी सुई उचलली. "असन, बाई," एवढंच म्हणाले. मला परत पोहोचवताना ते वाटभर बैलांशीच बोलत होते. आपण काहीतरी चुकीचं केलं एवढं मला कळलं. काय, ते कळलं नाही.

महिनाभराने ते पुन्हा शाळेत आले. "बाई, वकीलसाहेबांचा माणूस मले एकदा ऐकाचा हाय. घाई कशाले म्हणतात ते तं कळन." नाताळात कोर्टाला सुट्टी होती आणि मीही माहेरी निघाले होते, तेव्हा बरोबरच गेलो. त्यांनी आपल्या तबकड्या संत्र्याच्या खोक्यात गवत घालून बांधल्या होत्या. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाने हात पुढे केला, तर दिला नाही. अकोला येईपर्यंत खोकं त्यांच्या मांडीवरच होतं.

वडिलांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बाकाच्या टोकाला बसले. आधी आमचा संच लागला. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच कपाळाला आठी पडली. मग वडील माझ्याकडे पाहत किंचित हसून म्हणाले, "आता तुझा तो धावणारा लाव."

मी वलगावची तबकडी आमच्या फोनोवर चढवली. नगारा वाजला, ताफा सुरू झाला, आणि वडिलांचं हसू ओसरलं.

"हा कुठे धावतो?" ते म्हणाले. "हा तर आपल्यापेक्षाही संथ आहे. काहून गं, तुला काय ऐकू आलं होतं?"

वलगावला ऐकलेला हा माणूसच नव्हता. बाकावरून उत्तर आलं. "वकीलसाहेब, ही माझीच तबकडी, पण हा माझा सूर नाही. घरात बाजाची पेटी हाय का?"

आईने आतून आपली पेटी आणली. ते गावच्या भजनात पेटी वाजवत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी एक पट्टी दाबून धरली. "वलगावले याचा सा पांढरी दोनवर येते. रोज लावून पाहतो मी. इथं पाहा, काळी एकवर आला. तुमचंही तसंच झालं मघा. सूर उतरला, म्हणजे तुमच्या फोनोचं चाक हळू फिरून राहिलं."

वडिलांना ते पटायला वेळ लागला. साक्षीदाराला विचारावं तसे त्यांनी चार प्रश्न विचारले. मग स्वतःच कागदाचा कपटा तबकडीखाली खोचला, खिशातलं घड्याळ हातात धरलं, आणि कपटा समोरून गेला की मी मोठ्याने मोजू लागले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हवेत. चौऱ्याहत्तर भरले. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच. चकतीशेजारी वेगाचा एक लहानसा स्क्रू होता, तो आठ वर्षांत कुणी हलवला नव्हता.

वडिलांनी तो फिरवला, फेरे बरोबर जुळवले, आणि आमचीच पहिली तबकडी लावली. आमचा संथ, विचारी माणूस गेला. त्याच्या जागी एक चपळ, लखलखीत वाजवणारा तरुण आला. चांगला होता, पण ओळखीचा नव्हता. बाजू संपली तरी मी उलटवायला उठले नाही.

"आठ वर्षं मी कोणाला ऐकलं मग?" वडील म्हणाले.

"यालेच, साहेब. बिचारा दमून वाजवून राहिला होता."

मला वाटलं, वडील रागावणार. ते उठून आत गेले, तोंडावर पाणी मारून आले, आणि खुर्चीत न बसता बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसले. "आता तुमचा लावा," म्हणाले. वलगावचा संच त्यांनी दहाही बाजू ऐकला. मधल्या संथ भागात फिडल इतकं हळू बोलू लागलं, की आई परातीतलं पीठ तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली. घड्याळ लावून पाहिलं तेव्हा कळलं, खरा घाईचा आमचाच होता.

मी बगीचेवाल्यांची माफी मागितली. "काहून, बाई?" ते म्हणाले. "तुमाले जे आइकू आलं ते तुमी सांगतलं." पण बोलताना ते खूश दिसत होते.

जाताना वडिलांनी त्यांना आपला संच दिला आणि त्यांचा ठेवून घेतला, महिन्याभरासाठी म्हणून. महिन्याचे चार झाले. मग वडील स्वतः तबकड्या पोहोचवायला अमरावतीला आले. मी शाळेतून परतले, तर घरी फक्त त्यांची पिशवी होती. जेवणाला न थांबता ते टांगा करून वलगावला गेले होते. पुढे त्यांचं अमरावतीला येणं वाढलं. माझ्याकडे मात्र बहुधा झोपण्यापुरतेच यायचे.